छेरछेऱ्याचं आमंत्रण

रायपूरला निघाले आहे म्हटल्यावर सांगलीतल्या माझ्या मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, "तिथं बघण्यासारखं काय आहे गं?" आता परत येऊन आठवडा झाला तरी त्यांचा प्रश्न आहेच, फक्त काळ बदलला. "काय बघितलंस?" मी म्हणते, "एक दार बघितलं." मग त्या एकमेकींकडे बघतात आणि माझी शुगर वगैरे ठीक आहे ना याची चौकशी करतात. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं एकदा.

माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरांवर ओरडण्यात गेली. आवाज मोठा आणि मतं त्याहून मोठी, असं घरात माझ्याबद्दल बोललं जातं. ते खरंच आहे, त्यामुळं पुढं मी कुठं कुठं नाक खुपसलं त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

तेलीबांधा

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी केतकी लग्न होऊन रायपूरला गेली. तिचा नवरा निलेश तिथलाच. त्याचे कोणीतरी पूर्वज भोसल्यांच्या काळात नागपूरकडून तिकडं गेले ते तिकडचेच झाले. घरात मराठी बोलतात, पण ती मराठी ऐकताना आधी दोन दिवस माझी गंमत झाली. "मावशी, मी तुमचीच वाट पाहून राहिलो होतो," असं जावई म्हणाला तेव्हा मी मागं वळून बघितलं, की हा अजून कुठं राहिलाय!

त्यांचा फ्लॅट तेलीबांधा तळ्यापलीकडच्या नव्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर. हवा छान, तळं छान, संध्याकाळी तळ्याकाठी सगळं रायपूर फिरायला येतं. पण सोसायटीच्या गेटवर मला माझ्या तिळगुळाच्या डब्यासकट अडवलं. वॉचमनच्या हातात फोन, फोनमध्ये सोसायटीचं ॲप. आलेला माणूस गेस्ट, डिलिव्हरी, कॅब की हेल्पर ते तो त्यात टाकतो, मग घरमालकाच्या फोनवर ते वाजतं आणि त्यानं 'अलाऊ' दाबलं की मगच आत पाय. फ्लॅट निलेशच्या नावावर, निलेश मीटिंगमध्ये. मी बॅगेवर बसून राहिले. आमच्याकडं पाहुणा दारात आला की आधी पायावर पाणी, आणि इथं आधी परवानगी. असो.

केतकीची मुलगी इरा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. तिच्या खोलीच्या भिंतीवर आठवड्याचं वेळापत्रक: सोमवारी स्केटिंग, मंगळवारी रोबोटचा क्लास, बुधवारी कीबोर्ड. रविवारच्या चौकोनात 'फ्री प्ले' असं लिहिलेलं. खेळायचं हेही लिहून ठेवावं लागतं हे बघून माझ्यातली मास्तरीण खवळली, पण पहिलाच दिवस, म्हणून गप्प बसले.

मोकळ्या वेळात खेळायला इराला एकच मैत्रीण होती, देवकी. ती सुकवारोची मुलगी. सुकवारो त्यांच्याकडं धुणीभांडी करायला येते, राहते तळ्यामागच्या वस्तीत. देवकी आईबरोबर यायची आणि दोघी खाली बागेत हुंदडायच्या. दिवाळीनंतर सोसायटीच्या कमिटीनं नियम केला की हेल्पर लोकांची मुलं आत आणायची नाहीत. कारण दिलं सेफ्टीचं. कमिटीत निलेश होता, आणि हात वर करणाऱ्यांत त्याचाही हात होता. तेव्हापासून या दोन मुलींची मैत्री सुकवारोच्या फोनवर आणि तिच्या तोंडच्या निरोपांवर चालली होती.

दुसऱ्या रात्री जेवताना इरानं सगळ्यांना सांगून टाकलं, "परसों छेरछेरा है. मैं सुबह देवकी के पारा में जाऊँगी. फिर देवकी की पूरी टोली हमारे घर आएगी. मैंने बुला लिया है."

पारा म्हणजे वस्ती; आणि छेरछेरा म्हणजे काय तेही मला तेव्हाच कळलं. पौष पौर्णिमेला, धान कोठीत येऊन पडलं की छत्तीसगडात पोरं झोळ्या घेऊन दारोदार जातात, "छेरछेरा!" म्हणून ओरडतात आणि प्रत्येक घरातून ओंजळभर धान किंवा तांदूळ घेतात.

निलेशचा घास हातातच राहिला. "बेटा, अपन मांगने नहीं जाते."

आता मात्र मला राहवेना. त्यांच्या फ्रिजवर इराचा ऑक्टोबरातला फोटो लावलेला होता. डोक्यावर चेटकिणीची टोपी, हातात भोपळ्याची प्लास्टिकची बादली. सोसायटीतली सगळी मुलं भुतंखेतं बनून घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत हिंडली होती.

"मग हे काय आहे?" मी विचारलं.

"ते वेगळं आहे मावशी. ती थीम असते."

"म्हणजे बादली घेऊन मागितलं की थीम, आणि झोळी घेऊन मागितलं की भीक. बरं झालं सांगितलंस, आम्हाला खेड्यातल्या बायकांना कुठलं कळायला!"

टेबलाखालून केतकीनं माझ्या पायाला पाय लावला. बरीच घासाघीस झाली आणि ठरलं ते असं: इरानं सकाळी जायला हरकत नाही, मावशीआजी बरोबर असेल तर. पण टोली सोसायटीत येणार नाही. नियम म्हणजे नियम.

"मैंने प्रॉमिस किया है," इरा म्हणाली. "वो मुझे अपने घर ले जाएगी, और मैं उसको गेट पे रोक दूँगी? फिर वो मेरे से कभी बात नहीं करेगी." ती रडली नाही, हट्ट केला नाही. चमचा ताटात ठेवला आणि उठून गेली. एवढ्याशा पोरीला एकच मैत्रीण आणि तीही आता जाणार, हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

उरला

सकाळी निलेश म्हणाला, "मावशी, फॅक्टरी पाहायची का आमची?" मला वाटतं केतकीनंच सुचवलं असावं, हिला जरा घराबाहेर काढ म्हणून. गेले.

उरला म्हणजे रायपूरची कारखान्यांची बाजू. ट्रकांच्या रांगा, रस्त्याकडेच्या झाडांवर इतकी धूळ की पानांचा मूळ रंग कोणता ते ओळखू येऊ नये. चहाच्या टपरीवर रात्रपाळी संपवून आलेली माणसं पेंगत उभी होती. मी तिथं पोहे-जिलेबी मागवली. पोह्यांवर जिलेबी! सांगलीत कुणी असं खाल्लं तर घरातली बाई डोळे वटारेल. पण खाऊन बघितलं आणि मग आणखी एक प्लेट मागवली.

निलेश तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये अधिकारी आहे. शेडमध्ये सोऱ्यातून शेव पडावी तशी लालभडक सळई बाहेर पडत होती. "ही परदेशात जाते मावशी," तो अभिमानानं सांगत होता. "इकडची सळई, अन् तिकडे विमानतळ उभा राहून राहिला." मग त्यानं बोट केलं. तोंडाला गमछा गुंडाळलेला एक माणूस लांब चिमट्यानं सळई वळवत होता. "तो देवकीचा बाबा."

"तुला माहीत होतं?"

"रोज पाहतो न."

परतताना गाडीत तो आपणहून बोलायला लागला. "मावशी, मी लहान असताना खूप छेरछेरा मागितला. बुढापाऱ्यात आमचं एवढंसं घर, बाबूजींची छोटी नोकरी. एकदा वर्गातला एक पोट्टा सगळ्यांसमोर बोलला, याच्या घरचे तर सालभर छेरछेरा करतात. सगळे हसले. मी त्याच्यानंतर कधीच झोळी घेतली नाही. आता माझ्या पोरीच्या खांद्यावर झोळी मले पाहवत नाही. अन् कमिटीत माझे साहेब राहतात, त्यांच्यासमोर मी काय सांगू?"

इतका वेळ मी त्याला पैशानं चढलेला माणूस समजत होते, आणि हा तर अजून त्या वर्गातच उभा होता. वाईट वाटलं. पण देवकीला गेटवर थांबवणं त्यामुळं बरोबर होत नव्हतं.

बुढापारा

त्यानं मला बुढापाऱ्यात त्याच्या वडिलांकडं सोडलं. भास्करराव रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यापासून एकटे राहतात. वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर दोन खोल्या. खाली गल्लीत स्कूटरवाल्यांची कायम खेचाखेची, आणि खिडकीतून बुढा तलावाचं पाणी दिसतं. मुलगा नव्या घरी चला म्हणतो, हे जात नाहीत. "तिथं मले भाजीवालाच भेटत नाही," म्हणाले.

त्यांनी मला चौसेला करून घातला. तांदळाच्या पिठाची पुरी, बरोबर टोमॅटोची झणझणीत चटणी. पुरुषानं एकट्यानं इतक्या निगुतीनं पुऱ्या तळलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या, आणि त्याही टम्म फुगलेल्या. माझ्या तांदळाच्या पुऱ्या आयुष्यात कधी फुगल्या नाहीत.

मी छेरछेऱ्याचा विषय काढला. "त्या दिवशी मागणारा छोटा नसते, विहीणबाई," ते म्हणाले. "सेठाचं पोट्टं असो की हमालाचं, सगळे झोळी घेऊन निघतात. अन् त्याचा एक कायदा आहे. हाक आल्याबिगर दार उघडायचं नाही, अन् हाक आली का बंद ठेवायचं नाही."

आमच्याकडं संक्रांतीला आम्ही मुली डबे घेऊन तिळगूळ मागत फिरायचो, ते आठवलं. डॉक्टरांची मुलगी आणि त्यांच्या कंपाउंडरची मुलगी एकाच घोळक्यात असायच्या. आता सांगलीत बेल वाजली की पार्सलवालाच असतो.

"मग तुम्ही निलेशला सांगा की," मी म्हटलं. "तुमचं ऐकेल तो."

"ऐकीन न. काहून नाही ऐकणार?" त्यांनी माझ्या पानात आणखी एक पुरी टाकली. "पण मंग ते माझं होईन, त्याचं नाही. तुम्ही जेवा."

मी जेवले. पण मनातून चिडलेच होते. पुरुषांना कधी गप्प बसावं ते कळत नाही, आणि ज्या दिवशी बोलायला हवं त्याच दिवशी नेमकं कळतं.

पौष पौर्णिमा

सकाळी चांगलीच थंडी होती. केतकीनं जुन्या ओढणीची झोळी शिवून दिली आणि मी इराला घेऊन तळ्यामागच्या वस्तीत गेले. देवकी वाटच बघत होती. इराहून दोनेक वर्षांनी मोठी, काडीसारखी बारीक, पण टोलीची पुढारी तीच. दहा-बारा मुलं तिच्या मागं. तिनं इराची झोळी खांद्यावर नीट बसवली, गाठ ओढून बघितली आणि म्हणाली, "जोर से चिल्लाना. धीरे बोलेगी तो कोई नहीं निकलेगा."

पहिल्या दोन दारांशी इराचा आवाजच फुटेना. तिसऱ्या दारी मात्र ती अशी किंचाळली की आतलं मांजर बाहेर पळालं. टोली पोट धरून हसली, आणि इरा सगळ्यांत जास्त हसली. इतकं हसताना मी तिला आल्यापासून बघितलंच नव्हतं.

सुकवारोच्या दारात माझी फजिती झाली. तिनं मला मानानं देणाऱ्यांच्या बाजूला उभं केलं, आणि मी माझा डबा उघडून प्रत्येकाच्या हातावर तिळगूळ ठेवत सुटले. मुलांनी तो खाल्ला, बोटं चाटली आणि तशीच उभी राहिली. मला कळेना, आता काय पाहिजे? "चाउर, दाई, चाउर!" एक चिमुरडी ओरडली. तांदूळ मिळाल्याशिवाय टोली हलत नाही म्हणे. सुकवारो पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं सूप माझ्या हातात दिलं तेव्हा कुठं माझी सुटका झाली.

एका खोलीत एक म्हातारी तेलाच्या डब्यातून तांदूळ काढून देत होती. डबा तळाला गेलेला दिसत होता. इराकडं बघून शेजारीण म्हणाली, "ये तो बिल्डिंगवाली नोनी हे." म्हातारीनं मान वर केली, इराला निरखून बघितलं आणि देवकीच्या झोळीत घातली होती तेवढीच ओंजळ इराच्या झोळीत घातली. मला डोळ्यांत धूळ गेल्याचं नाटक करावं लागलं.

मग देवकीनं विचारलं, "अब तेरे घर?" आणि इरानं मान डोलावली. मी काय करणार होते? तिला अडवायचं माझ्यानं झालं नाही. वाटेत निलेशला फोन लावला, त्यानं उचलला नाही.

गेटवर वॉचमन पुढं आला. तोही छत्तीसगडचाच, बिचारा भला माणूस. "दीदी, मैं खुद छेरछेरा मांग के बड़ा हुआ हूँ," तो मला हळूच म्हणाला. "लेकिन ऊपर कैमरा है. एंट्री तो करनी पड़ेगी." त्यानं फोन काढला. देवकीचा चेहरा त्याच्या ओळखीचा. "ये तो सुकवारो की है. हेल्पर में डालूँ?"

"गेस्ट," इरा म्हणाली. "सब गेस्ट हैं. मेरे."

त्यानं एकेक नाव टाकलं. मग आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. फोन काही वाजेना. गाड्या येत होत्या, दांडी वर होत होती, खाली येत होती. मुलांची चुळबूळ थांबली, ती आपोआप एकमेकांना चिकटून उभी राहिली. मी निलेशला पुन्हा फोन लावला. पुन्हा लावला. मनात त्याला अशा शिव्या घातल्या की इथं लिहिता येत नाहीत. वर केतकी सूप भरून बसलेली, पण ॲपमध्ये नंबर नवऱ्याचा.

शेवटी देवकीनं झोळी सारखी केली. "रहन दे इरा," ती म्हणाली. रागानं नाही, मोठ्या माणसासारखं समजुतीनं म्हणाली, आणि तेच मला सहन झालं नाही. "हम लोग जाते हैं. कल फोन करूँगी."

इरानं तिची बाही जी घट्ट धरली ती सोडेचना. तेवढ्यात वॉचमनच्या हातातला फोन टुणकन वाजला.

"देवकी, अलाऊ," तो म्हणाला. पुन्हा टुणकन. "सोनू, अलाऊ." पुन्हा. पुन्हा. वॉचमन नावं पुकारत होता आणि त्याचा आवाज दर नावाला वाढत होता. माझ्या जिवात जीव आला आणि मी वॉचमनच्याच खुर्चीत बसकण मारली. नंतर कळलं की निलेश अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला होता आणि प्रत्येक सिग्नलला गाडी थांबली की दोन-दोन नावं दाबत होता.

इरा जिन्यानं धावत वर गेली. आता ती घरची, देणारी. तिला सूप घेऊन दाराआड उभं राहायचं होतं. मी टोलीला लिफ्टनं आणलं, दोन खेपा करून. चौथ्या मजल्यावर उतरताना मुलांनी चपला काढून हातात घेतल्या. कुणी सांगितलं नव्हतं. फरशी इतकी चकचकीत होती की त्यांना ते देवळासारखं वाटलं असावं. दोन्ही बाजूंना बंद दारं, कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल ठिपका. वस्तीत आरोळ्या ठोकणारी ती टोली इथं मुकी झाली. देवकीनं तोंड उघडलं, आणि मिटलं. दाराआड इरा थांबलेली, मला तिचे पाय फटीतून दिसत होते. हाक आल्याशिवाय ती उघडणार नव्हती, आणि हाक मारायला कुणाची छाती होईना.

मीच ओरडावं म्हणून श्वास घेतला, एवढ्यात जिन्याचं दार धाडकन उघडलं. निलेश. धापा टाकत, ऑफिसच्या कपड्यांत, शर्टावर उरल्याची धूळ, खांद्याला लॅपटॉपची बॅग. त्यानं मुलांकडं बघितलं, त्यांच्या हातातल्या चपलांकडं बघितलं. मग डोळे घट्ट मिटून तो ओरडला, "छेरछेराऽऽ!"

काय आवाज तो! सगळा मजला दणाणला. मग देवकी ओरडली, मग सगळी टोली, मग मीसुद्धा. समोरचं दार उघडलं, शेजारचं उघडलं. एक बाई बासमतीचं न फोडलेलं पाकीट घेऊनच बाहेर आली आणि "रुको, रुको, कैंची लाती हूँ," म्हणत परत आत पळाली. एक आजोबा "कोण मेलं?" अशा चेहऱ्यानं बघत होते, त्यांना कळल्यावर तेही हसायला लागले.

इराचं दार उघडलं. हातात भरलेलं सूप, तिच्या मागं डोळे पुसणारी केतकी. निलेश सगळ्यांत पुढं होता. त्यानं लॅपटॉप काढून माझ्या हातात कोंबला, रिकामी बॅग दोन्ही हातांनी उघडी धरली आणि लेकीपुढं वाकला.

"मले देतं का थोडे?"

इरानं बापाकडं बघितलं, मग त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं.

"पहले देवकी," ती म्हणाली. "पप्पा, आप लाइन में आओ."

आणि निलेश बॅग तशीच उघडी धरून, हसत, सगळ्यांत शेवटच्या पोराच्या मागं जाऊन उभा राहिला.